हिरडीच्या रंगाची शेपटी

३ फेब्रुवारी, मंगळवार

बारा ओतले. बाराच्या बारा सरळ! बाल्कनीचं दार दिवसभर सताड उघडं ठेवलं तरी नाकातून वास जात नाही.

धक्क्यावर शेजारी गळ टाकून बसणारा घड्याळवाला रोज तेच विचारतो – गळाला लावायचे रबराचे मासे दुकानात मिळतात, तू घरी कशाला ओतत बसतोस? त्याला काय सांगू! छत्तीस वर्षं दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या केल्या. साचा करा, ओता, थंड करा, कडा घासा – या हातांना दुसरं येतंय काय? निवृत्त होताना उरलेलं प्लास्टर आणि हिरडीच्या रंगाची बाटली घेऊन घरी आलो. त्यामुळे माझे रबरी मासे हिरडीच्या गुलाबी रंगाचे. धक्क्यावर त्यांना सगळे 'कवळी' म्हणतात. आज कवळी घातली का, अशी चौकशी होते. होऊ दे. मासे लागतात ना!

माशाला रंगाशी देणंघेणं नाही. त्याला हलणारी शेपटी हवी. शेपटी पातळ, टोकाला चपटी – पाण्यातून ओढली की आपली आपण वळवळते. पण रबर थंड होताना वाकलं की संपलं. मग मासा पाण्यात गोल गोल फिरतो आणि दोरीला पीळ पडतो. म्हणून दोन दिवस बाराही जण बैठकीतल्या काचेच्या टीपॉयवर ओळीने निजणार. घरात खरोखर सपाट अशी तेवढीच जागा आहे. बाकी सगळं बिल्डरच्या कृपेने उतरतं.

नातीने, भिंगरीने, येता-जाता त्यांना 'गुड नाइट' म्हटलं. सकाळी दहा वाजता!

४ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे धक्क्यावर. साडेपाच ते साडेसात, कारण सव्वाआठला सून भिंगरीला सोडायला येते. मुलगा बोटीवर, इंजिनखोलीत – मे महिन्यापर्यंत सुटका नाही. तेव्हा दिवसभर मी आणि नात. वय वर्षं तीन, महिने दोन. तिसरा तिचा कापडी हत्ती. त्याला ती जेवू घालते, झोपवते आणि घरातला प्रत्येक गुन्हा त्याच्या नावावर टाकते. दूध कोणी सांडलं? हत्तीने. आजोबांचा चष्मा कुठाय? हत्तीने खाल्ला.

पाणी आज छान होतं, भरतीचं, हलकं गढूळ. जुन्या लॉटमधले तीन नेले होते. शिशाचं डोकं असलेला गळ, त्यात रबर सरळ ओवलेलं. टाकायचं आणि बुडू द्यायचं. दोरी ढिली पडली की समजायचं तळ लागला. मग काठीचं टोक दोनदा उचलायचं आणि थांबायचं. थांबणं हेच खरं काम. मासा हलताना मागे येतो, पण तोंड घालतो ते थांबल्यावर. बोटाला टक् असं जाणवतं, तेवढंच.

दोन लागले, एक सुटला. आणि दोन शेपट्या गेल्या! ते पोट फुगवणारे मासे असतात ना, त्यांचं काम. गळाला हातही लावत नाहीत, मागून शेपटी कात्रीने कापल्यासारखी अर्धचंद्राकार उडवतात. घड्याळवाला खरी कोळंबी लावून बसला होता. म्हणाला, "तुझ्या कवळ्या पाण्यात खपायला लागल्या."

५ फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलातून आत्ता आलोय. अक्षर बघा.

दुपारी जेवून भिंगरी जमिनीवर हत्तीशी खेळत होती. मी खुर्चीत. डोळा लागला. पाच मिनिटं – असं मी हॉस्पिटलात सांगितलं. इथे खरं लिहितो, वीस असतील. जागा झालो तो ती टीपॉयपाशी उभी. हातात गुलाबी मासा. शेपटी नाही.

तिचं तोंड उघडून बोट फिरवलं – काही नाही. टीपॉयखाली, सोफ्याखाली, गालिच्याखाली, तिच्या फ्रॉकच्या खिशात – कुठेच नाही. मोजले. अकरा धडधाकट, एक शेपटीशिवाय. तुटलेली कड पाहिली. चार बारीक खाचा. वरचे दोन, खालचे दोन. दुधाचे दात! ते ओळखायला मला भिंग लागत नाही.

सुनेला फोन केला. ती पुलांची तपासणी करते, त्या वेळी कुठल्याशा पुलाखाली होती. हेल्मेटसकट हॉस्पिटलात आली. ओरडली नाही. मला वाटत होतं ओरडावं.

एक गोष्ट बरी – रबरात गळ नव्हता. गळ सगळे पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर. हे मी डॉक्टरीणबाईंना तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "आजोबा, कळलं मला."

एक्स-रे काढला. पण रबर त्यात दिसत नाही म्हणे. श्वास नीट आहे, म्हणजे श्वासनलिकेत नाही. पोट मऊ आहे. उलटी झाली, पोट दुखलं, फुगलं तर रात्री-अपरात्री आणा. नाहीतर वाट बघा, आपोआप बाहेर पडेल. भिंगरीला त्यांनी गोड बोलून विचारलं, शेपटी कोणी खाल्ली गं? तिने ताबडतोब सांगितलं, "हत्तीने." डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. सून हसली नाही. पिशवीत घातलेलं ते बिनशेपटीचं धड तिने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं ते तिथेच राहिलं.

श्वास नीट आहे. आज एवढंच धरून झोपतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनेने रजा घेतली. भिंगरी तिच्या घरी. मी सकाळीच तिकडे गेलो. शेपटी बाहेर पडली का हे बघायचं काम मी मागून घेतलं. सून एवढंच म्हणाली, "बाबा, खरंच?" म्हटलं, खरंच.

छत्तीस वर्षं जपलेला चिमटा आणि कवळीच्या कडा बघायचा दिवा! भिंगरीला फार मजा वाटली. भांड्यावर बसून मला विचारते, "सापडलं का आजोबा?" नाही सापडलं. पण पोरगी हसतेय, जेवतेय, सोफ्यावर उड्या मारतेय. हुश्श म्हणावं की नाही ते कळत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

नाही सापडली. पण दोनदा जेवण मागितलं! अर्धं हुश्श.

८ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन. मागे इंजिनाचा आवाज. त्याला सगळं कळलेलं. माझ्यावर चिडला नाही, उलट मलाच विचारलं, "बाबा, तुम्ही जेवलात का?" त्याने मला जास्त लागलं.

साचे, रंग, पातेलं, मासे – सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. कानाला खडा. टीपॉयवर आता फक्त वर्तमानपत्र.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जीव भांड्यात पडला!

आठवडा झाला. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून, ऐकून, सोनोग्राफी करून बघितलं. सगळं स्वच्छ. म्हणाल्या, शेपटी केव्हाच बाहेर गेली असणार, तुमच्या नजरेतून सुटली. (माझ्या नजरेतून! पण असो. आज कोणाशी वाद घालणार नाही.) भिंगरीला एक फुगा मिळाला. हत्तीलाही एक मागितला, तोही मिळाला. मला बाहेरच्या बाकावर बसून दोन मिनिटं उठताच येईना. सुनेने न विचारता पाण्याची बाटली हातात दिली.

परत येताना रिक्षात भिंगरी मध्ये झोपली. तेव्हा सून म्हणाली, सोमवारपासून पाळणाघर ठरवलंय, ऑफिसच्या रस्त्यावरच आहे, स्वच्छ आहे. मी मान डोलावली. मग ती म्हणाली, "बाबा, तुमच्यावर राग नाहीये. पण मी पुलाखाली उभी असताना माझं लक्ष वर लागलं पाहिजे."

बरोबर आहे. तडा शोधायचा तिचा पेशा. एकदा दिसलेला तडा तिने कसा सोडून द्यावा?

पोर सुखरूप आहे. त्यापुढे पाळणाघर म्हणजे काहीच नाही. हे वाक्य मी दोनदा लिहिलं आणि एकदा खोडलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरीचे रंगीत खडू सोफ्याच्या फटीत सापडले. जपून ठेवलेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सव्वाआठ वाजले, बेल वाजली नाही.

नऊपर्यंत भांडी घासली. दहाला पुन्हा घासली. आमची ही असती तर म्हणाली असती, भांड्यांचं वजन कमी होईल. टीव्ही लावला, बंद केला. दोन वाजता खुर्चीत बसलो तर झोपही येईना! त्या दिवशी कशी आली होती? आता मेली येत नाही.

सहाला सुनेचा फोन. पाळणाघरात पहिला दिवस बरा गेला, रडली नाही, दूध सांडलं. कोणी सांडलं विचारल्यावर काय उत्तर आलं ते मी तिच्या आधीच सांगितलं. दोघं हसलो. फोनवर का होईना.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

घड्याळवाल्याने ओढूनच धक्क्यावर नेलं. मी रबर आणलं नाही म्हटल्यावर त्याने स्वतःची कोळंबी दिली, शिवाय व्याख्यान. कोळंबीचं काही खरं नाही. लावा आणि बसा. बोटांना कामच नाही. तिथे मासा स्वतःहून येतो, आपण नुसते चौकीदार. रबराला जिवंत करावं लागतं – किती उचलायचं, किती थांबायचं हे सगळं आपल्या मनगटात. हे घड्याळवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, मग ओत की पुन्हा, कोणी बांधून ठेवलंय? मी विषय बदलला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काय लिहू! कुठून लिहू!

सकाळी मी धक्क्यावर गेलो नव्हतो. साडेनऊला घड्याळवाला दारात. हातात बरणी, चेहरा असा की मला वाटलं कोणी गेलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बरणीतून चमच्याने एक वस्तू काढून मध्ये ठेवली. गुलाबी. हिरडीचा गुलाबी! फुगून जवळजवळ दुप्पट झालेली, पण शेपटी माझी. टोकाजवळची बारीक रेघ माझ्या साच्यातली, प्लास्टरमध्ये केस अडकला होता तेव्हापासूनची.

पहाटे त्याच्या कोळंबीला तो पोट फुगवणारा मासा लागला. वर काढताच मेला म्हणून कापून बघितला तर पोटात हे. घड्याळवाला म्हणाला, "तुझी नात सुटली रे. ही घे तुझी शेपटी."

दोघंही म्हातारे वेड्यासारखे हसलो. मी रडलोसुद्धा, इथे लिहायला हरकत नाही.

म्हणजे असं झालं असणार. बुधवारी माशाने शेपटी तोडली. ते धड मी घरी आणलं आणि चुकून नव्यांच्या ओळीत ठेवलं. गुरुवारी भिंगरीने उचललं ते बिनशेपटीचंच होतं. तिने नुसतं चावलं, म्हणून दातांच्या खाचा. तिने काही खाल्लंच नाही! म्हणून चिमट्याला सापडलं नाही. सगळं जुळतं.

नवे बारा होते, हे मी मंगळवारी लिहिलंय. मागचं पान उघडून बघितलं. पण अकराच असतील. मोजण्यात चूक होते माणसाची.

२१ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी सुनेकडे गेलो. बरणी घेऊन! भिंगरी अंघोळ करत होती. टेबलावर शेपटी ठेवली आणि सगळं सांगितलं – मासा, पोट, रेघ, केस. सुनेने शेपटी उचलून दिव्याखाली धरली. चारी बाजूंनी फिरवून बघितली. ती पुलाचे खिळे अशीच बघत असणार. मला वाटलं, आता विचारेल. बारा होते ना बाबा? त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, अकरा आणि एक.

तिने विचारलं नाही. शेपटी परत बरणीत टाकली, झाकण लावलं आणि एकदम खुर्चीत बसून रडायला लागली. मी तिला रडताना पाहिलं ते लग्नात आणि आज. मग पाण्याचा ग्लास दिला. त्या दिवशी तिने बाटली दिली होती, तसाच न विचारता.

डोळे पुसून म्हणाली, "दोन आठवडे मी रोज तिचं पोट दाबून बघत होते बाबा. झोपेत."

निघताना दारात म्हणाली, सोमवारपासून भिंगरी तुमच्याकडे. पाळणाघरात कळवते. मी म्हटलं, टीपॉय काढून टाकतो. ती म्हणाली, टीपॉय राहू दे, मासे नकोत. कबूल! शंभरदा कबूल.

जिन्यावरून उतरताना मला एकदाही कठडा धरावा लागला नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सव्वाआठ. बेल!

सून घाईत होती, हेल्मेट काखेत. भिंगरीचा हात माझ्या हातात दिला आणि क्षणभर सोडलाच नाही. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं काही सांगणार. "दुपारी झोप आली तर तिला आधी आतल्या खोलीत घालून दार लावा. मग झोपा तुम्ही," एवढंच म्हणाली. दटावल्यासारखं नाही, साधं, आठवण करून द्यावी तसं. मी म्हटलं, झोपत नाही आता दुपारचा. म्हणाली, "झोपाल बाबा. माणूस झोपतोच."

हत्ती आला नव्हता. भिंगरी म्हणाली, हत्ती दोरीवर आहे, ओला आहे. हत्तीशिवाय गुन्हेगार कोणी नाही, त्यामुळे दिवसभर काही सांडलं नाही. खडू परत केले. भिंतीवर एक बोट काढून झाली, बाबांची. इंजिन बाहेर, बाबा पाण्यात.

दुपारी खरंच डोळे जड झाले. तिला खोलीत घातलं, दार लावलं, स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकली. दहा मिनिटं. या वेळी खरीच दहा, घड्याळ लावून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हत्ती आला. सोंडेखालून पोटापर्यंत नवी शिवण, जाड निळ्या दोऱ्याची, टाके वाकडेतिकडे. सुनेचा हात. विचारलं, हत्तीला काय झालं गं? भिंगरी म्हणाली, "मुंग्या झाल्या. रविवारी आईने पोट उघडलं. बिस्कीट होतं, बटण होतं, गुलाबी शेपटी होती. आजोबांना सांगायचं नाही."

रविवारी! म्हणजे काल सकाळी पोरीचा हात माझ्या हातात देताना तिला सगळं ठाऊक होतं.

मीही सांगणार नाही.